टँक आधी रुळू द्या, मग एंजल आणा

गेल्या अंकात एंजल माशाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी औषधाचं नाव विचारलंय, पण पत्रातली हकिगत नीट वाचली की मूळ दुखणं टँकचं आहे हे लक्षात येतं. म्हणून या वेळी काचेचं माप आणि पाणी याबद्दलच जास्त लिहिते. दुकानात मिळणारे चंदेरी, काळे, मार्बल, कोई, लांब परांचे एंजल सगळे मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांचे वंशज आहेत. संथ पाणी, पाण्यात बुडालेली झाडांची मुळं आणि फांद्या, त्यांच्या फटींतून उभं अंग सरकवत फिरणारा हा मासा. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

ताई, मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटी टँक आणला. दुसऱ्याच दिवशी चार एंजल सोडले. आठवडा बरा गेला. मग एकेक मासा पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला आणि दहा दिवसांत चारही गेले. दुकानदाराने दिलेलं निळं औषधही घातलं होतं. पाणी अगदी नितळ होतं. मुलगी अजून रडते. चुकलं कुठे?
*– एक वाचिका, डोंबिवली*

तुमच्या मुलीच्या हातून काही वाईट झालेलं नाही, हे तिला सगळ्यात आधी सांगा. दुसऱ्याच दिवशी मासे देणाऱ्याने तुम्हाला थांबवायला हवं होतं.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. न खाल्लेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसतं आणि आत माशाचे कल्ले भाजत असतात. जुन्या, रुळलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. नव्या टँकमध्ये हा थर नसतो, तो बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचे मासे नेमके या मधल्या काळात सापडले. वर येऊन तोंडाची उघडझाप, पाठीचा पर मिटलेला, कल्ल्यांची भराभर हालचाल ही त्याचीच लक्षणं. निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर चालतं, अमोनियावर त्याचा उपयोग नाही. उलट नुकते बसू लागलेले जिवाणूही त्याने मरतात.

आता टँक रिकामा आहे, तर तसाच चालू ठेवा. फिल्टर चोवीस तास सुरू हवा. रोज चिमूटभर खाणं टाकत जा. ते कुजून जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या. पिळल्यावर जे तपकिरी, मातकट पाणी निघतं ते बघून किळस करू नका, दुधाला विरजण लागावं तसं ते काम करतं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट आणा. दोन्ही शून्यावर आले आणि काही दिवस शून्यावरच राहिले, की मासे आणायला हरकत नाही. पुढे स्वतःचा स्पंज धुताना नळाखाली कधीच धरू नका. टँकमधलंच पाणी बादलीत काढून त्यात खळबळायचा.

दुसरी गोष्ट टँकच्या मापाची, आणि ती मला स्पष्ट सांगितलीच पाहिजे. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी साधारण ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की उंची नऊ-दहा इंचच उरते. आज नाण्याएवढा दिसणारा एंजल वर्षभरात वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत आठ इंच किंवा त्याहून उंच होतो. तेवढ्या टँकमध्ये त्याचे खालचे दोऱ्यासारखे लांब पर खडीला घासून वाकडे होतात. एंजलसाठी काच दीड फूट उंच हवी. तीन बाय दीड बाय दीड फुटात जवळपास १९० लिटर पाणी बसतं. त्यात पाच-सहा पिल्लं लहानाची मोठी होऊ शकतात. दोन फुटी टँक टाकून द्यायची गरज नाही. मुलीला आवडत असतील तर त्यात गप्पी किंवा प्लॅटी ठेवा, छान राहतील.

मावशी, मी आठवीत आहे. माझ्या टँकमध्ये दोन मोठे एंजल आहेत. मी मिरामारच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले तळाला घातलेत. आता दहा निऑन टेट्रा आणायचेत. आणू का?
*– एक विद्यार्थी, म्हापसा*

निऑन आणू नकोस. तुझे एंजल मोठे आहेत आणि निऑन त्यांच्या तोंडात सहज मावतो. रात्री दिवा बंद झाला की एकेक गायब होईल. एंजल दुष्ट आहेत असं मात्र समजू नकोस, लहान मासे खाणं हा त्यांचा स्वभावच आहे. सोबत हवी असेल तर तळाला फिरणारे कोरिडोरास पाच-सहा आण, किंवा एक पर्ल गोरामी. टायगर बार्ब अजिबात नको, तो एंजलचे लांब पर कुरतडतो. गोल्डफिशही नको. त्याला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो.

शिंपले मात्र काढून घे. ते चुन्याचे असतात. हळूहळू पाण्यात विरघळून ते पाणी जड करतात आणि पीएच वाढवतात (पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी). घरी व्हिनेगर असेल तर एका शिंपल्यावर दोन थेंब टाकून बघ, बारीक बुडबुडे येताना दिसतील. टँकमध्ये टाकायच्या कुठल्याही दगडाची हीच परीक्षा घ्यायची. बुडबुडे आले तर तो बाहेर.

आणि एक गोष्ट तुला आवडेल. तुमच्याकडे खाडीत आणि मानशीजवळ (खाजणातल्या पाण्याच्या दारापाशी) जो कालुंदर मासा मिळतो ना, तो एंजलचा दूरचा भाऊबंद आहे. दोघेही सिक्लिड कुळातले. कालुंदरची जोडीही अंड्यांची आणि पिल्लांची राखण करते, नर-मादी दोघं मिळून. पुढच्या वेळी बाजारात कालुंदर दिसला की त्याच्या अंगाची चपटी ठेवण बघ आणि घरी येऊन एंजलशी ताडून पाहा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९०० च्या आसपास. एंजलला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं असं वाचलं. आरओचं पाणी भरू का?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

नुसतं आरओचं पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच एकदम घसरू शकतो आणि मासा कोलमडतो. निम्मं बोअर आणि निम्मं आरओ असं मिसळून घ्या आणि प्रत्येक पाणीबदलाला तेच प्रमाण ठेवा. आपल्याकडे मिळणारे एंजल कित्येक पिढ्या टँकमध्येच वाढलेले आहेत. मध्यम जड पाण्याला ते सरावतात. त्यांना त्रास होतो तो या आठवड्यात एक पाणी आणि पुढच्या आठवड्यात दुसरं, या धरसोडीचा. अंड्यांची गोष्ट वेगळी. फार जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, तेव्हा पिल्लं काढायची असतील तर पाणी मऊच हवं.

पीएच जास्त असलेल्या पाण्यात एक धोका आहे. तोच अमोनिया पीएच ७ पेक्षा पीएच ८ ला जवळपास दहापट विषारी ठरतो. म्हणजे बोअरवाल्यांनी खाणं कमी टाकणं आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं हे नळवाल्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळायला हवं.

पीएच खाली आणण्याच्या बाटल्यांपासून दूर राहा. त्यापेक्षा तुमच्या कॉलनीत किंवा शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असेलच, ज्याची मोठी पानं लाल होऊन गळतात. आपोआप गळून सुकलेलं पान घ्यायचं. औषध फवारलेल्या किंवा रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडाचं नको. स्वच्छ धुऊन पन्नास लिटरला एक पान टँकमध्ये टाकायचं. एक-दोन दिवसांत ते तळाला बसतं आणि पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. मला तो रंग फार आवडतो, कारण त्यात एंजलच्या अंगावरचे काळे पट्टे ठसठशीत उठून दिसतात आणि भित्रे मासेही मोकळे फिरू लागतात. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीचं पाणीसुद्धा कुजलेल्या पानांमुळे असंच काळपट तपकिरी असतं. तुमच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने पानाने पीएच फारसा उतरणार नाही. ते काम आरओच्या मिश्रणावर सोडा.

टँक ईशान्येला ठेवावा असं सासूबाई म्हणतात. तिथे खिडकी आहे. काय करावं?
*– एक वाचिका, सातारा*

सासूबाईंचा मान राखता येईल. खिडकीला जाड पडदा लावा किंवा टँकची खिडकीकडची बाजू मागून काळ्या कागदाने झाका. सकाळचं ऊन थेट पडलं तर काचेवर हिरवं शेवाळ चढतं आणि छोट्या टँकचं पाणी तापतं. दिशेपेक्षा मला काळजी आहे वजनाची. तीन फुटी टँक पाणी, काच आणि खडी धरून सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. शोकेसवर किंवा टीव्हीच्या टेबलावर तो ठेवू नका. मजबूत लोखंडी स्टँड घ्या, लेव्हल लावून बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला.

काच साफ करायला सकर मासा आणला होता. आता तो फूटभर झालाय आणि रात्री एंजलच्या अंगाला चिकटतो. तलावात सोडून दिला तर चालेल ना?
*– एक वाचक, कोल्हापूर*

नाही. कृपा करून सोडू नका. रंकाळ्यात नाही, पंचगंगेत नाही, गावच्या विहिरीतही नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. आपल्या पाण्यात तो मरत नाही, उलट माजतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळवतो, स्थानिक माशांचं अन्न आणि जागा बळकावतो. त्याच्या काटेरी परांनी मासेमारांची जाळी फाटतात, आणि जाळ्यात आलेल्या सकरला बाजारात गिऱ्हाईक नसतं. देशातल्या अनेक राज्यांतल्या नद्या-तलावांत तो पसरला आहे, आणि त्याची सुरुवात तुमच्या-माझ्यासारख्या घरांतल्या टँकमधूनही झालेली आहे. एक मासा सोडल्याने काय होतंय, असं म्हणणारे पुष्कळ असतात, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

दुकानदार परत घेतो का विचारा. नाही घेतला तर मोठा टँक असलेल्या कुणाला द्या. तोवर त्याला वेगळा ठेवा. एंजलचं अंग चपटं आणि उभं असल्याने सकर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो, आणि त्या जागी जखम होऊन जंतुसंसर्ग होतो. काच साफ करायला लोहचुंबकाचा ब्रश पुरे. मासाच हवा असेल तर ब्रिसलनोज आणा, तो पाच इंचांच्या आसपासच थांबतो.

माझ्याकडच्या एंजलची जोडी जमली आहे. फिल्टरच्या पाइपवर अंडी घालतात, पण एकदा सगळी पांढरी पडली आणि दोनदा रातोरात खाऊन टाकली. पिल्लं कशी मिळतील?
*– एक वाचिका, नाशिक*

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण एंजल ठेवण्यातला सर्वांत सुंदर भाग तुमच्यापुढे उभा आहे.

आधी जोडी खरंच नर-मादीची आहे का ते बघा. दोन माद्याही जोडीसारख्या वागतात. पाइप घासून साफ करतात, दोघी अंडी घालतात, आणि मग सगळीच्या सगळी पांढरी पडतात. ओळख पटते ती फक्त अंडी घालण्याच्या वेळी. पोटाखाली जी छोटी नळी बाहेर येते ती मादीची जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. कपाळावरचा उंचवटा किंवा परांची लांबी यावरून कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तुमच्याकडे सगळी पांढरी पडण्याचा प्रकार एकदाच झालाय, त्यावरून काही ठरवता येणार नाही. दर वेळी तसंच होऊ लागलं तर शंका घ्यायची.

अंडी खाण्याबद्दल रागावू नका. तरुण जोडी सुरुवातीला बहुतेक वेळा खातेच. त्यातून टँकमध्ये दुसरे मासे असतील तर राखण करता करता ती जोडी थकते आणि शेवटी अंडी स्वतःच गिळते. जोडीला शंभर लिटरचा वेगळा टँक द्या. तळाला खडी नको, हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरे, पाणी २८ अंशांच्या आसपास. स्लेटच्या (पाटीच्या काळ्या दगडाच्या) फरशीची चार इंच रुंद, फूटभर लांब पट्टी काचेला तिरकी टेकवून ठेवा. त्यांना उभा, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. रानात ते रुंद पानांवर अंडी घालतात. फरशी ठेवायच्या आधी व्हिनेगरची परीक्षा घ्यायला विसरू नका. रात्री खोलीत मंद दिवा असू द्या. मिट्ट अंधारात आई-बापांना अंडी दिसत नाहीत आणि ते बिथरतात.

मग फक्त बघत बसा. मादी फरशीवर खालून वर सरकत एका ओळीत अंडी चिकटवते, मागोमाग नर त्याच ओळीवरून जातो. काही शेकडा अंडी होतात. दोघं आळीपाळीने छातीजवळच्या परांनी अंड्यांना वारा घालतात आणि पांढरं पडलेलं अंडं तोंडाने टिपून काढतात. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांना तेव्हा पोहता येत नाही. डोक्याने फरशीला चिकटून शेपट्या वळवळवत असतात. एखादं सुटून खाली पडू लागलं की बाप झेपावून त्याला तोंडात घेतो, क्षणभर चघळल्यासारखं करतो आणि पुन्हा जागेवर थुंकून चिकटवतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, गिळलं! पण तो पिल्लू साफ करत असतो. कधी कधी सगळा संसारच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असा तोंडातोंडाने हलवला जातो.

आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. त्याआधी खाणं टाकायचं नाही, पोटातल्या बलकावरच त्यांचं भागत असतं. पोहायला लागली की त्यांना जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा अगदी बारीक जीव, लागतो. त्याची अंडी दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, प्लास्टिकची बाटली उलटी कापून त्यात जोरात हवा, आणि ऊब असेल तर चोवीस तासांत नारिंगी ठिपके वळवळताना दिसतात. बारीक फडक्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन थोडे थोडे द्या, दिवसातून तीन-चार वेळा. पोट भरलेल्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं. पारदर्शक अंगातून ते लगेच कळतं. रोज थोडं पाणी बदला.

आई-बाप काही केल्या राखत नसतील तर फरशी उचलून त्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवा, शेजारी हळू हवा सोडा आणि पाणी फिकट निळं होईपर्यंत मिथिलीन ब्लू घाला. इथे ते औषध खरंच कामाचं आहे. पण घाईने हा मार्ग धरू नका. जोडीला पाच-सहा संधी द्या, अशी माझी विनंती आहे. पिढ्यान् पिढ्या अंडी काढून घेऊन वाढवलेल्या माशांत राखण करायची सवयच मंदावत जाते, असं माझं मत झालं आहे.

पिल्लं दीड-दोन महिन्यांत नाण्याएवढी होतील आणि तुमच्या टँकमध्ये मावणार नाहीत. दुकानदाराशी आताच बोलून ठेवा.

थंडीत माशांच्या अंगावर मिठासारखे पांढरे दाणे आलेत. औषध दोन दिवस घातलं, दाणे गेले, पुन्हा आले.
*– एक वाचक, नागपूर*

हा व्हाइट स्पॉट. तुम्ही औषध लवकर थांबवलंत. दाणा अंगावर असेपर्यंत आतल्या परजीवीपर्यंत औषध पोचत नाही. तो पिकून तळाला पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नव्या माशाच्या शोधात पोहत असतात. औषध लागू पडतं ते फक्त त्या टप्प्यात. म्हणून शेवटचा दाणा दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचे. सोबत तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, ३० पर्यंत न्या; ऊब मिळाली की परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा एअर पंप वाढवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.

नागपूरच्या थंडीत हीटरशिवाय एंजल ठेवू नयेत. लिटरला एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या आणि सोबत वेगळा थर्मामीटर लावा. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा.

दिवसाला सहा-सहा तास वीज जाते. इन्व्हर्टर नाही.
*– एक वाचक, लातूर जिल्हा*

बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घ्या, पॉवर बँकेवर चालणारेही मिळतात, आणि त्याला स्पंज फिल्टर जोडा. म्हणजे हवा मिळेल आणि स्पंजातले जिवाणूही जगतील. वीज नसताना खाणं टाकू नका. पंप नसेलच तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहा. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि तो पाच-सहा तास थांबला असेल, तर वीज आल्या आल्या बटण दाबू नका. आतलं कुजकट पाणी आधी बाहेर ओता, स्पंज टँकच्या पाण्यात खळबळा, आणि मग चालू करा.